आधी छर्रे, मग गोळी

"नेम धरायची गरजच नाही," डेल म्हणाला. "नुसतं त्या दिशेला धर आणि चाप ओढ. बाकीचं छर्रे बघून घेतात."

डेलच्या घरामागच्या माळावर आम्ही तिघं उभे होतो. त्यानं थोड्या अंतरावर एका लाकडी खांबावर भोपळा ठेवला होता. सुकुमारांच्या हातात ते रिव्हॉल्व्हर होतं. मूठ लहान, नळी आखूड, आणि मधलं फिरतं चक्र मात्र भलतंच लांब. एखाद्या बुटक्या माणसाचं पोट सुटावं तसं ते दिसत होतं.

सुकुमार म्हणजे माझे यजमान. त्यांना मी कधी नावानं हाक मारली नाही, पण सांगताना 'हे' आणि 'ह्यांनी' करत बसलं तर घोटाळा होईल, म्हणून नाव घेते. आता ते नाहीत, त्यामुळे चालेल.

डेलनं चक्र उघडून दाखवलं. पाच घरं होती. "ह्यात दोन्ही बसतं," तो म्हणाला. "शॉटगनचं काडतूस बसतं, आणि पिस्तुलाची गोळीही बसते. माझं ऐक. पहिल्या दोन घरांत बारीक छर्रे भरायचे. सापांवर मारतात ते. चोराला लागले तर बोंबलत पळेल, मरणार नाही. एवढ्यानंही नाही ऐकलं, तर मागं तीन गोळ्या आहेतच."

"मी सापही मारत नाही," सुकुमार म्हणाले.

"ठाऊक आहे. मग भोपळा मार, प्रीचर."

डेल त्यांना प्रीचर, म्हणजे धर्मोपदेशक, म्हणायचा. सुकुमारांनी डोळे बारीक केले, मान थोडी फिरवली आणि चाप ओढला. आवाज एवढा मोठा झाला की मी खाली बसले. बघते तर भोपळ्याला देवी आल्यासारखी भोकं पडली होती आणि रस गळत होता. पण भोपळा खांबावरच होता.

"बघ, उभाच आहे," डेल म्हणाला आणि त्यानं सुकुमारांच्या पाठीवर थाप मारली.

आम्ही जयसिंगपूरचे. मगदूम. तिथं आमचं सुताचं दुकान होतं. इचलकरंजीचे माग बंद पडायला लागले तसं तेही बसलं, आणि एका ओळखीनं आम्ही अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या एका लहान गावात येऊन पोचलो. गावाच्या टोकाला हसमुखभाई नावाच्या माणसाचा पेट्रोल पंप होता. त्याला जोडून कॉफी, बिअर, सिगारेट, ब्रेड, असलं दुकान. हसमुखभाई स्वतः दूर डॅलसला राहायचे. आम्ही ते दुकान चालवायला घेतलं.

आम्ही जैन. सुकुमार कांदा-लसूण खात नसत, सूर्य मावळल्यावर तोंडात घास घालत नसत. अशा माणसानं बिअर आणि सॉसेज विकायची म्हणजे काय, ते त्यांचं त्यांनाच माहीत. "आपण खात नाही, आपण फक्त देतो," असं ते मला सांगायचे, आणि सांगताना माझ्याकडं बघायचे नाहीत. एक गोष्ट मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात बंद केली. दुकानात एका लहान फ्रीजमध्ये डब्यांतून जिवंत गांडुळं विकायला असायची. मासे धरायला जाणारे लोक गळाला लावायला न्यायचे. सुकुमारांनी ते सगळे डबे मागच्या ओल्या जमिनीत नेऊन उलटे केले. गिऱ्हाइकं कुरकुरली. एकटा डेल मोठ्यानं हसला. "गांडुळांना सोडणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता," म्हणाला, आणि तेव्हापासून प्रीचर.

डेल गावाबाहेरच्या कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला होता. चाळिशीचा, उंच, दाढीत थोडं पिकलेलं. रोज सकाळी कॉफी घ्यायला यायचा आणि कामाची वेळ होईपर्यंत काउंटरला टेकून उभा राहायचा. आमचा कूलर बिघडला तर दुरुस्त करून द्यायचा. मला गाडी चालवायला त्यानंच शिकवली. मी घाबरून डोळे मिटले की म्हणायचा, "मॅम, डोळे उघडे ठेवलेत तर फार मदत होईल." मी त्याच्या बायकोसाठी, लोरेनसाठी, पोळ्यांची चवड पाठवायची. ती त्यात कसला तरी मुरंबा घालून खायची.

मग एका दुपारी दोन अनोळखी पोरं दुकानात शिरली. त्यांनी लोखंडी गजानं सुकुमारांच्या हातावर मारलं आणि गल्ल्यातलं सगळं घेऊन गेली. हाड मोडलं. हसमुखभाईंचा फोन आला.

"सुकुमारभाई, बंदूक रखो. इधर सब रखते हैं."

"मला नाही जमणार."

"आज हाथ टूटा है. कल भाभी को कुछ हुआ तो?"

सुकुमारांनी फोन ठेवला. पुढं बरेच दिवस ते माझ्याकडं निरखून बघायचे. हात प्लास्टरमधून निघाल्यावर त्यांनी डेललाच विचारलं, आणि डेलनं ते रिव्हॉल्व्हर सुचवलं. कारण सुकुमारांनी त्याला एकच अट घातली होती: माणूस मरता कामा नये.

माळावरून परत येताना गाडीत सुकुमार बरेच मोकळे दिसत होते.

"आधी छर्रे, मग गोळी," ते म्हणाले. "बरं आहे हे. आणि त्या 'मग'पर्यंत वेळ येणारच नाही."

"आणली कशाला पण ही ब्याद?" मी म्हणाले.

"तुझ्यासाठी."

त्या दिवशी डेलनं स्वतःच्या हातानं पाचही घरं भरून दिली. सुकुमारांनी ते मागच्या खोलीच्या दाराशी, फडताळात ठेवलं. त्यावर एक पंचा टाकला, दिसू नये म्हणून.

वर्षभर तो पंचा कुणी हलवला नाही.

दरम्यान कारखान्याची एक पाळी बंद झाली आणि त्यात डेलचं काम गेलं. त्याआधीच त्याची पाठ धरली होती, दुखण्यावरच्या औषधाच्या गोळ्या चालू होत्या. आधी तो पूर्वीसारखा सकाळी यायचा. पण उभा राहायचा तो नुसता, बोलायचा नाही. डोळे सुजल्यासारखे असायचे. एकदा सुकुमारांनी विचारलं, "माझ्याकडं काम करशील? दोघं मिळून चालवू."

"दोघांचं पोट भरेल एवढं दुकान आहे हे?" डेल म्हणाला.

"बघू की."

"नको प्रीचर. मला तुझी दया नको." आणि कॉफीचा कप तसाच भरलेला ठेवून निघून गेला. त्यानंतर तो आला नाही. मी पोळ्या घेऊन त्यांच्या घरी गेले, तर लोरेननं दारातच घेतल्या. आत या म्हणाली नाही.

ऑक्टोबर संपत आला होता. दिवस लवकर मावळायचा, म्हणून सुकुमार संध्याकाळी लवकरच मागच्या खोलीत जेवायला बसायचे. मी काउंटरला असायची. त्या दिवशी मी त्यांना ज्वारीची भाकरी आणि घेवड्याची भाजी वाढून बाहेर आले. ज्वारी तिथं मिळत नसे. आमच्या गावची एक मुलगी आली होती, तिनं पीठ आणलं होतं. सुकुमार खुशीत होते. आतून म्हणाले, "राजमती, गावाकडचा वास येतोय बघ."

तेवढ्यात दार उघडलं. टोपी कपाळापर्यंत ओढलेली, तोंडाला मफलर गुंडाळलेला, अंगात लांब रेनकोट. बाहेर पावसाचं नाव नव्हतं. हातात पिस्तूल होतं. तो काही बोलला नाही. पिस्तुलानं गल्ल्याकडं खूण केली.

मी गल्ला उघडला. घाईत नोटा खाली पडल्या. त्यानं काउंटरवर बोटं आपटली, लवकर कर म्हणून. आणि मी हाक मारली, "अहो!"

सुकुमार बाहेर आले. घास तोंडात होता. उजव्या हाताला भाजी लागलेली. त्याच हातात रिव्हॉल्व्हर. ते दाराशी उभे राहिले, आणि मराठीत म्हणाले, "थांब. थांब म्हणतो ना!"

तो माणूस वळला. काउंटरच्या टोकाला एक मोकळी वाट होती, त्या वाटेत दोघं समोरासमोर आले. माझ्या डोळ्यांसमोर अजून सगळं तसंच आहे. त्यानं पिस्तूल खाली केलं. दुसरा हात तोंडाकडं नेला. आणि एक पाऊल सुकुमारांकडं टाकलं. हात लांब केला असता तर नळीला लागला असता, इतक्या जवळ.

सुकुमारांनी चाप ओढला.

तो माणूस बसल्यासारखा खाली गेला. चिप्सच्या पुड्यांचा स्टँड त्याच्यावर कोसळला. मी बघत होते की आता उठेल, बोंबलत पळेल. तो उठला नाही. सुकुमारांनी रिव्हॉल्व्हर जमिनीवर ठेवलं, अगदी हळू, जसं काही ते फुटेल. मग पंचा घेऊन धावले. मान आणि खांदा, तिथं मांस दिसत होतं. त्यांनी पंचा दाबून धरला आणि श्वास घेता यावा म्हणून मफलर खाली ओढला.

डेल होता.

"डेल," सुकुमार म्हणाले. "डेल, हे काय रे? हे काय केलंस?" ते मराठीतच बोलत होते. "राजू, फोन कर. फोन कर लवकर."

मी फोन केला. ॲम्ब्युलन्स शेजारच्या गावाहून यायची होती. डेलचे डोळे उघडे होते आणि ते सुकुमारांच्या तोंडावर खिळलेले. ओठ हलत होते, पण गळ्यातून आवाजाऐवजी दुसरंच काही येत होतं. सुकुमार त्याला सांगत होते, छर्रेच आहेत, घाबरू नकोस, नुसते छर्रे आहेत. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा त्यांना पंच्यावरचा हात काढायला लावावा लागला. हात काढून काही फरक पडणार नव्हता.

शेरीफच्या कचेरीतला, म्हणजे तिथल्या पोलिसांतला, डेप्युटी तरुण होता, बोलायला गोड. त्यानं डेलच्या हातातलं पिस्तूल उचलून बघितलं आणि मान हलवली. ते खेळण्यातलं होतं, काळा रंग दिलेलं.

"तुम्हाला कसं कळणार होतं, सर?" तो सुकुमारांना म्हणाला. "तुमची काही चूक नाही. कायदा तुमच्या बाजूनं आहे."

"पण छर्रे होते," सुकुमार म्हणाले. "भोपळा उभा राहिला होता."

डेप्युटीला भोपळ्याचं काही कळलं नाही. तो समजावून सांगायला लागला, "लांबून मारले तर छर्रे पसरतात, सर. इतक्या जवळून पसरायला जागाच नसते. सगळे मिळून मुठीएवढा एकच गोळा होऊन आत जातात. पिस्तुलाच्या गोळीपेक्षाही वाईट." त्याला वाटत होतं, तो धीर देतोय.

खटला वगैरे काही झालं नाही. उलट दुकानात गर्दी वाढली. कधी न येणारी माणसं यायची, सुकुमारांचा हात हातात घेऊन हलवायची. शाबास म्हणायची. चर्चमधल्या एका म्हाताऱ्या बाईनं केक आणून दिला. त्यात अंडी होती, आणि सुकुमारांनी तो तिच्यासमोर दोन्ही हातांनी घेतला. ते सगळ्यांना थँक्यू म्हणायचे. कुणीतरी आपल्याला एक शिवी द्यावी म्हणून ते माणसांच्या तोंडाकडं बघत असायचे, हे मला दिसत होतं. डेल ह्याच गावात जन्मला होता, ह्यातल्या निम्म्या लोकांबरोबर शाळेत होता. पण त्याच्याबद्दल बोलताना सगळे म्हणायचे, 'तो तर वाया गेलेलाच होता.' जणू तो कधीचाच मेला होता आणि सुकुमारांनी फक्त उचलून बाजूला ठेवला.

काही आठवड्यांनी डेप्युटी पुन्हा आला. हातात खाकी कागदाची पिशवी होती. काउंटरवर ठेवून म्हणाला, "तुमची वस्तू, सर. चौकशी संपली. इथं सही करा."

सुकुमार पिशवीकडं बघत राहिले. "परत का देता?"

"तुमचीच आहे ती."

"मला नको."

डेप्युटी हसला. "ठेवा हो. आता ह्या दुकानाकडं वाकड्या नजरेनं बघायची कुणाची हिंमत नाही."

रात्री हसमुखभाईंचाही फोन आला आणि तेही हेच म्हणाले. दुकान त्यांचं होतं. करार संपेपर्यंत आम्हाला तिथून हलता येत नव्हतं, आणि परत जाऊन जयसिंगपुरात तरी काय होतं?

सुकुमारांचं जेवण कमी होत गेलं. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, म्हणून मी ताट वाढायची, आणि ताटापुढं बसून ते सूर्य मावळायची वाट बघायचे. अंधार पडला की ताट सारायचे. "आता वेळ गेली," म्हणायचे.

एका रविवारी सकाळी ते अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून उभे राहिले. "लोरेनकडं जायचं," म्हणाले. "क्षमा मागायला."

आमच्यात पर्युषण संपलं की सगळे एकमेकांची क्षमा मागतात. लहान-मोठा बघत नाहीत, हात जोडतात. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, तर अनोळखी माणसाचीही मागतात. वर्षानुवर्षं केलेलं असतं, त्यामुळे त्यात कठीण काही वाटत नाही. त्या सकाळी गाडीत सुकुमार तोंडातल्या तोंडात इंग्रजी वाक्यं जुळवत होते, शाळेतल्या पोरासारखे.

लोरेननं दार उघडलं. ती वाळली होती. जाळीचं दुसरं दार तिनं उघडलं नाही. जाळीतूनच बोलली.

सुकुमारांनी हात जोडले. जुळवलेली वाक्यं गेली कुठल्या कुठं. "लोरेन," एवढंच म्हणाले.

"मला माहीत होतं तो जाणार आहे ते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, शेजारणीशी बोलावं तसा. "मी त्याला म्हटलं, दुसरीकडं कुठंही जा, त्यांच्याकडं नको. तो म्हणाला, दुसरीकडं गेलो तर मारतील. प्रीचर मला मारणार नाही. त्यानं समजा चाप ओढलाच, तर पहिली दोन सापांची आहेत, मीच भरून दिलीत. पळून येईन. आणि अगदीच अडचण आली, तर तोंडावरचं काढून दाखवीन. मला बघून तो कशाला मारेल?"

माझ्या डोळ्यांसमोर डेलचा तोंडाकडं जाणारा हात आला. मी सुकुमारांकडं बघितलं. त्यांचे हात जोडलेलेच होते, पण आता ते थंडी वाजल्यासारखे दिसत होते.

"शेवटी काही बोलला का तो?" लोरेननं विचारलं.

मला वाटलं, ह्यांनी हो म्हणावं. तुझं नाव घेतलं म्हणावं. काय बिघडणार होतं? मी त्यांचा शर्ट मागून ओढला.

"नाही," सुकुमार म्हणाले. "बोलता येत नव्हतं त्याला."

तिनं मान हलवली. "बरं," म्हणाली, आणि आतलं लाकडी दार लावून घेतलं. आपटलं नाही. कडी लावल्याचा आवाज तेवढा आला.

आम्ही गाडीत येऊन बसलो. सुकुमारांनी किल्ली लावली पण फिरवली नाही.

"राजू, एक सांगू?"

"सांगा की."

"पहिल्या घरात गोळी असती ना, तर मी चाप ओढलाच नसता." ते समोरच्या काचेतून बघत बोलत होते. "माझ्यानं ओढवलाच नसता. तो गल्ला घेऊन गेला असता, मला ढकलून गेला असता, काही झालं असतं तरी मी नुसता उभा राहिलो असतो. मला ठाऊक आहे. पण डोक्यात एकच होतं, की छर्रे आहेत. लागतील, पळेल. मरणार तर नाही. म्हणून ओढला. मरणार नाही म्हणूनच ओढला गं."

 मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तोही तेवढ्याचसाठी आला," ते म्हणाले. "मरणार नाही म्हणून."

मग त्यांनी गाडी चालू केली.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही ते दुकान चालवलं. करार संपल्यावर जयसिंगपूरला परत आलो. परत आल्यावर सुकुमार बस्तीत गेले नाहीत. क्षमेच्या दिवशी लोक घरी यायचे, हात जोडायचे, तर ते उठून परसात जायचे आणि सगळे जाईपर्यंत आत यायचे नाहीत. शेवटच्या आजारात आमच्या पंडितांनी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, सगळ्या जीवांची क्षमा मागा, मोकळे व्हा. सुकुमारांनी मान भिंतीकडं वळवली. तसेच गेले.

पण मला जास्त आठवतो तो लोरेनकडून परत आलो तोच रविवार. आम्ही दुकान उघडलं तेव्हा बाहेर एकजण ट्रकला टेकून उभा होता. मोठ्या पोटाचा, लाल टोपीवाला, गावातलाच पण आमच्या ओळखीचा नव्हता. बिअर घेतली आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "तेच का ते? दोन्ही भरता येतं ते? मला एकदा बघायचंय."

असं विचारणारे पुष्कळ यायचे. सुकुमार दरवेळी नाही म्हणायचे. त्या दिवशी ते आत गेले आणि घेऊन आले. त्यांनी ते काउंटरवर ठेवलं.

माणसानं उचलून वजन बघितलं. "भरलेलं आहे?"

"हो."

"पहिल्यांदा काय, छर्रे ना? सगळे तसंच भरतात."

"नाही," सुकुमार म्हणाले. "आता पाचही गोळ्याच आहेत. आजच बदलल्या."

मला ते माहीत नव्हतं. त्यांनी केव्हा बदलल्या, मी गाडीतून वाटेत घेतलेलं सामान काढत होते तेव्हा असेल. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं, की हे रिव्हॉल्व्हर आता सुकुमारांच्या हातून कधीही उडणार नाही. उद्या कुणी माझ्या गळ्याला सुरी लावली तरी.

त्या माणसानं शीळ घातली. रिव्हॉल्व्हर परत ठेवलं आणि सुकुमारांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "वा! आता तू खरा आमच्यातला झालास."

सुकुमारांनी मान हलवली.

"आणखी काही हवंय?" त्यांनी विचारलं.